दिवसाचा आहार किती मापांचा?

‘पोटभर जेवला’ असे आपण समाधानाने म्हणतो. परंतु पोट भरणे आणि शरीराची गरज भागणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. ग्रामीण भागातील कष्टांचे स्वरूप अलीकडच्या काळात पुष्कळच पालटले आहे. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, सायकलने शाळेत जाणारा शिक्षक मोटारसायकलने जाऊ लागला. ताटातील भाकऱ्यांची संख्या मात्र वडिलांच्या वेळची होती तीच राहिली आणि तिच्या जोडीला गोड चहा व फरसाण आले. त्यामुळे एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात, एकाचे वजन वाजवीपेक्षा वाढलेले आणि दुसऱ्याचे वाजवीपेक्षा कमी असलेले आढळते. अशा वेळी प्रत्येकाची रोजची गरज अंकांत मांडता आली, तर कोणी किती कमी खावे आणि कोणी किती अधिक खावे याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.

ही आकडेमोड करण्याचे साधन आपल्या देशात हैदराबादेत तयार झाले. मराठवाड्यातील वाचकांना हे शहर परके नाही. १९५६ पर्यंत या भागाचा कारभार तेथूनच चालत असे. तेथील तारनाका भागात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था आहे. डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे, एका खोलीच्या प्रयोगशाळेत, बेरीबेरी या रोगाच्या संशोधनास आरंभ केला. त्यातून ही संस्था वाढली. १९५८ साली ती हैदराबादला आली आणि १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. कुन्नूरला असताना डॉ. एक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. पुढे १९७१ साली डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे मोठ्या ग्रंथात रूपांतर केले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण दिले आहे. ज्वारी, तूर, शेंगदाणा, अंबाडी असे आपल्या रोजच्या खाण्यातील पदार्थ प्रयोगशाळेत तपासले गेल्यामुळेच पुढील हिशेब शक्य होतो. परदेशी पावाच्या आणि लोण्याच्या कोष्टकांवर आपल्या भाकरीचा हिशेब बसवता आला नसता.

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. आहाराच्या संदर्भात एक उष्मांक म्हणजे एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४, तितक्याच प्रथिनांपासून सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ उष्मांक मिळतात. परंतु घरात कोणी उष्मांक मोजत बसत नाही. म्हणून १०० उष्मांकांचे एक ‘माप’ कल्पावे. (धान्याच्या जुन्या मापट्याशी याचा संबंध नाही.) राष्ट्रीय पोषण संस्थेनेही आपल्या मार्गदर्शिकेत धान्य व डाळ यांचा हिस्सा ३० ग्रॅम, म्हणजेच सुमारे १०० उष्मांकांचा धरला आहे. निसर्गाने येथे आपली सोयच केली आहे. कारण ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, तूरडाळ यांपैकी काहीही घेतले, तरी ३० ग्रॅमला जवळजवळ एकच माप पडते.

वजन मात्र कोरड्या, न शिजविलेल्या पदार्थाचे घ्यावे. शिजताना तांदूळ पाणी पितो आणि वजनाने अडीच-तीन पट होतो. भाताचे वजन करून हिशेब मांडणारा फसतो. घरातील नेहमीची वाटी पिठाने व डाळीने सपाट भरून एकदा वाण्याच्या काट्यावर तोलून घ्यावी आणि तो आकडा लिहून ठेवावा. ७५ ग्रॅम पिठाची भाकरी अडीच मापांची होते. गाईचे दूध दीडशे मिलिलिटरला एक माप. म्हशीचे दाट दूध मात्र ८५ मिलिलिटरलाच एक माप गाठते. साखर २५ ग्रॅम म्हणजे एक माप, शेंगदाणे जेमतेम १८ ग्रॅम म्हणजे एक माप. तेलाची गोष्ट तर निराळीच आहे. चहाचे दोन-सव्वादोन चमचे तेल पोटात गेले की एक माप झाले. याउलट पालेभाजीचे एक माप भरण्यास पाव किलोपेक्षा काहीशी कमी भाजी लागते. एवढे लक्षात आले की हिशेबाचा निम्मा भाग संपतो, कारण वजन कोठून वाढते हे आपोआप दिसू लागते.

आता गरजेकडे वळू. २०२० साली वैद्यकीय संशोधन परिषदेने ठरविलेल्या प्रमाणानुसार ६५ किलोच्या पुरुषास बैठ्या कामासाठी २११०, मध्यम श्रमासाठी २७१० आणि अतिश्रमासाठी ३४७० उष्मांक लागतात. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० आहेत. या आकड्यांना वजनाने भागले असता सोपी रीत मिळते. बैठ्या कामाच्या पुरुषाने योग्य वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३२ व स्त्रीने ३० उष्मांक धरावेत. मध्यम श्रमाला अनुक्रमे ४२ व ३९. अतिश्रमाला ५३ व ४९. गुणाकारास शंभराने भागले की दिवसाची मापे निघतात. शिक्षक, शिंपी, न्हावी, पुजारी यांची कामे बैठी. शेतमजूर, सुतार, गवंडी, कुंभार यांची मध्यम. पाथरवट, लोहार, लाकूडतोड्या यांची अतिश्रमाची, अशी विभागणी केली जाते. गृहिणीला या यादीत बैठ्या कामात बसविले आहे. लांबून पाणी आणणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या आणि उरलेल्या वेळात खुरपणीला जाणाऱ्या गृहिणीला ते लागू करणे हा अन्याय होईल. यादीतील नाव पाहू नये, प्रत्यक्ष काम पाहावे.

येथे ‘योग्य वजन’ धरावयाचे आहे, आजचे वजन नव्हे. उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणावे आणि येणाऱ्या संख्येस १८.५ व २३ या आकड्यांनी पुन्हा गुणावे. दोन उत्तरांच्या मधले वजन योग्य होय. आपल्या लोकांत पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने वरची मर्यादा २३ मानणे हितावह आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपलीकडे गेला असल्यास ती धोक्याची सूचना समजावी.

एक उदाहरण घेऊ. १६५ सेंटिमीटर उंचीच्या एका शिक्षकाचे वजन ७८ किलो आहे. त्याचे योग्य वजन ५० ते ६२ किलो. वरचा आकडा ६२ धरून ३२ ने गुणले असता १९८४, म्हणजे वीस मापे येतात. प्रत्यक्षात तो दिवसाला चार भाकऱ्या (१० मापे), दोन मापे भात, दोन मापे डाळ, चार मापे तेल, पाच कप चहातील साखर दोन मापे व दूध दोन मापे, सायंकाळची शेव तीन मापे, दाण्याची चटणी एक आणि भाज्या एक माप, असा सत्तावीस मापांचा आहार घेतो. आजच्या वजनाला त्याचा खर्च पंचवीस मापांचा. दोन मापे रोज शिल्लक पडतात आणि कमरेभोवती जमा होतात. त्याने शेव बंद करावी (३), तेल निम्मे करावे (२), चहातील साखर निम्मी करावी (१), एक भाकरी कमी करावी (अडीच), आणि त्यांऐवजी एक माप डाळ व अर्धे माप पालेभाजी वाढवावी. हिशेब बरोबर वीस मापांवर येतो. खर्चापेक्षा रोज पाच मापे कमी खाल्ली की आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन उतरते. याहून अधिक घाई करू नये आणि कोणत्याही परिस्थितीत आहार दहा मापांखाली नेऊ नये. उपासतापास करून आठ दिवसांत वजन उतरविल्याच्या कथा ऐकण्यास बऱ्या वाटतात; त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

त्याच घरातील धाकट्या सुनेचे उदाहरण पाहा. उंची १५० सेंटिमीटर, वजन ३८ किलो, अंगावर पाजते मूल चार महिन्यांचे, आणि शेतात मजुरी. तिचे योग्य वजन ४५ किलो धरले व मध्यम श्रमाचे ३९ घेतले, तर साडेसतरा मापे होतात. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या मातेस आणखी ६०० उष्मांक लागतात. एकूण साडेतेवीस मापे झाली, म्हणजे घरातील कर्त्या पुरुषापेक्षा साडेतीन मापे अधिक. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेल्यावर भागविणाऱ्या स्त्रीच्या ताटात इतके असते काय, हे प्रत्येक घराने आपल्यापुरते तपासून पाहावे. १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण नियंत्रण केंद्राचे कर्मचारी हैदराबादच्या देखरेखीखाली गावोगावी फिरून वाट्या-पेल्यांची मापे घेऊन, घरात कोणी किती खाल्ले याची नोंद करीत, ती याचसाठी. हांडीत किती शिजले हे कळून भागत नाही. ते कोणाच्या ताटात गेले हे कळावे लागते.

मापे पुरी झाली म्हणजे आहार चौरस झाला असे मात्र नव्हे. वीस मापे नुसत्या भातानेही भरतात. हैदराबादच्या संस्थेने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी अथवा मांस-अंडी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम सुचविले आहे. पूर्वीच्या प्रमाणांत बैठ्या पुरुषास ३७५ ग्रॅम धान्य असे. धान्य घटवून भाजीपाला वाढविण्याकडे झालेला हा बदल शाळांतील आरोग्याच्या पाठात आवर्जून सांगण्याजोगा आहे.

वाढत्या वयाची मुले, गरोदर स्त्रिया, तसेच मधुमेहावर गोळ्या वा इन्सुलिन घेणारे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने मापे कमी करू नयेत. त्यांनी प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. इतरांनी पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर वजन करावे. महिन्याभरात काटा हलला नाही, तर भाकऱ्या मोजण्यापूर्वी तेलाची बरणी मोजावी: महिन्याच्या आरंभी घरात किती तेल आले, माणसे किती, आणि दिवसाला दर माणशी किती पडले. हिशेब बहुधा तेथेच चुकलेला सापडतो.