कोपरावरचा चट्टा आणि कमरेचा घेर

कोपरावर लालसर चट्टा उठतो, त्यावर चंदेरी पापुद्रे धरतात, खाजवले की कोंड्यासारखे गळतात. आपण लांब बाह्यांचा सदरा घालतो, मलम लावतो आणि गप्प बसतो. घरात टॉवेल वेगळा होतो. वाचकहो, सोरायसिसची आपल्याकडची कहाणी बहुधा इथेच संपते. ती अपुरी आहे.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. पूर्वी त्याची गल्लत कुष्ठरोगाशी होत असे. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी दोन्ही वेगळे करून दाखवले. इथे शरीराची संरक्षक यंत्रणाच विनाकारण खवळलेली असते. कातडीच्या तळाची पेशी वर यायला एरवी सुमारे महिना घेते. ती चार-पाच दिवसांत वर ढकलली जाते आणि पापुद्रे साचतात.

हा दाह कातडीपुरता राहत नाही. त्यात टीएनएफ नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. तेच प्रथिन वाढलेल्या चरबीतूनही पाझरते आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, हे १९९३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. म्हणूनच सोरायसिसच्या रुग्णांत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार इतरांपेक्षा अधिक आढळतात. रोग जितका तीव्र, तितका धोका मोठा.

‘मी तर सडपातळ’ म्हणून निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाटा आपल्याला असा फसवतो. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी : कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

यात आशाही आहे. स्थूल रुग्णाने वजन उतरवले, तर चट्टे पुष्कळदा ओसरतात. मात्र रोग मुळासकट घालवण्याची हमी देणाऱ्यांपासून सावध राहा. पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, चालू असतील तर एकाएकी बंदही करू नका; त्या साखर वाढवतात, आणि अचानक थांबवल्यास रोग उसळतो.

पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे बाही वर कराल, तेव्हा रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबीही तपासायला सांगा. आणि वेगळा टांगलेला तो टॉवेल पुन्हा घरच्या दोरीवर येऊ द्या.