मुळेचे दोन काठ, दोन महापालिका

वाकड-बालेवाडीकडून सांगवी-औंध, पुढे दापोडी-बोपोडी असा प्रवास करताना मुळा नदी बऱ्याच अंतरात पिंपरी-चिंचवड आणि पुणे महापालिकांची हद्द बनून वाहते. अलीकडच्या काठावरच्या बागेचे आरक्षण एक महापालिका ठरवते, पलीकडचे दुसरी. खडकीपाशी कॅन्टोन्मेंट बोर्डही येते. सकाळी फिरायला निघालेल्यांना ही हद्द जाणवत नाही, आणि पुराच्या पाण्याला तर ती मुळीच कळत नाही. एका बाजूने भराव घालून काठ उंच केला, की पाणी समोरच्या काठावर चढते. मग तिथली बाग कितीही नीट आखलेली असो. नदीकाठ आणि टेकड्यांचे नियोजन शेजाऱ्यांनी मिळून करावे, हे म्हणूनच सहसा कुणी नाकारत नाही. तरीही गाडे अडते, आणि माझ्या मते ते नकाशापाशी नव्हे, तर खर्चाच्या वाटणीपाशी अडते.

अमेरिकेतल्या बॉस्टन परिसराने हा गुंता १८९३ मध्येच सोडवायला घेतला. चार्ल्स एलियट हा उद्यानरचनाकार आणि सिल्व्हेस्टर बॅक्स्टर हा पत्रकार यांच्या प्रयत्नांतून तिथे महानगर उद्यान आयोग स्थापन झाला. त्याच्या क्षेत्रात तीसहून अधिक शहरे आणि गावे होती. मिडलसेक्स फेल्स हे जंगल तर पाच गावांत विभागलेले. एकट्या गावाने ते राखायचे म्हटले, तर फायदा सगळ्यांचा आणि भुर्दंड त्याचा. उपाय व्यवहारी होता. राज्याने कर्ज उभारून जमिनी घ्यायच्या, गावांनी ते फेडायचे, आणि कुणाचा वाटा किती हे त्रयस्थ आयुक्तांनी ठरवायचे. या वाटणीवरून कुरबुरी झाल्याच. पण भांडण वाट्यावर होते, तोवर जमीन ताब्यात आलेली होती. रिव्हिअर बीच हा किनारा १८९६ मध्ये लोकांसाठी खुलाही झाला.

अशा व्यवस्थेत नगरसेवकाचा अधिकार जातो आणि गल्लीतल्या बागेचा निर्णय दूरच्या कार्यालयात होतो, ही शंका खोटी नाही. म्हणूनच मर्यादा आखावी लागते: मुलांची मैदाने, वॉर्डातल्या बागा महापालिकेकडेच राहाव्यात, संयुक्त यंत्रणेकडे फक्त हद्द ओलांडणारे नदीकाठ, डोंगर, वनक्षेत्रे जावीत. आणखी एक प्राधिकरण कशाला, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर राज्यघटनेतच आहे. १९९३ पासून लागू असलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीतील कलम २४३-झेडई महानगर नियोजन समिती मागते, आणि तिने स्थानिक संस्थांच्या समान हिताच्या बाबी, समन्वित अवकाशीय नियोजन, पाणी व नैसर्गिक संसाधनांची वाटणी लक्षात घ्यावी, असे सांगते. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या प्रतिनिधींनी आपल्यातूनच निवडायचे असतात. म्हणजे लोकशाहीला बगल देण्याची भीती इथे कमी. उणीव पैशाची आहे: ही समिती विकास आराखड्याचा मसुदा तयार करते, पण उद्यानांसाठी जमीन घेणारा संयुक्त निधी तिच्या हाती नाही. तो उभा करताना लोकसंख्या, करउत्पन्न आणि नदीकाठाची लांबी यांपैकी कशाला किती वजन द्यायचे, यावर दोन्ही महापालिका नक्कीच वाद घालतील. घालू द्यावा, मात्र तो वाद लेखी सूत्रावर आणि ठरलेल्या मुदतीत, मुळेच्या एका तरी पट्ट्यापासून सुरू व्हायला हवा.