काळ्या कपड्यांतल्या मेगनला आपण का हसतो?

आठवीत असताना मी दोनशेपानी वहीत एक गोष्ट लिहिली होती. तिच्यात फास्टर फेणेला पुण्यात एक मैत्रीण भेटते. त्याच्याहून हुशार, त्याच्याहून जोरात सायकल हाणणारी, आणि नाव चक्क माझंच! वही एका वर्गमैत्रिणीच्या हाती लागली आणि मधल्या सुट्टीत तिचं जाहीर वाचन झालं. पुढे कित्येक वर्षं मी काही लिहिलं नाही.

या प्रकाराला फॅन फिक्शन म्हणतात आणि आपण त्यावर पीएचडी करणार आहोत, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

फॅन फिक्शन म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेली गोष्ट. तिच्यात लेखिकाच सर्वगुणसंपन्न नायिका होऊन शिरली की तिला 'मेरी सू' म्हणतात. हे नाव १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेकवरच्या गोष्टींचं जे विडंबन लिहिलं, त्यातून आलं. म्हणजे हा शब्दच चेष्टेतून जन्मला.

सगळ्यात जास्त चेष्टा झाली ती 'माय इम्मॉर्टल'ची. २००६-०७ मध्ये इंटरनेटवर आलेली ही हॅरी पॉटरवरची गोष्ट. नायिका एबनी गॉथ आहे, म्हणजे काळे कपडे, काळं लिपस्टिक, उदास गाणी. शुद्धलेखनाचा तर पार बट्ट्याबोळ. मधेच लेखिका वाचकांवर खेकसते. मैत्रिणीशी भांडण झालं की मैत्रिणीवर बेतलेलं पात्र मरतं, समेट झाला की परत येतं! हे सगळं खरंच लिहिलं होतं की मुद्दाम केलेली थट्टा होती, यावर अजून वाद चालतात. कागदावर लेखिका दिसत नाही, फक्त तिच्या चुका दिसतात. म्हणून हसणं सोपं जातं.

रंगमंचावर तसं होत नाही. मॅट कॉक्स यांचं 'पफ्स' हे विनोदी नाटक २०१५ मध्ये न्यूयॉर्कला आलं. खरं तर तेही फॅन फिक्शनच. हॅरीच्याच शाळेतल्या, कुणी फारसं न विचारणाऱ्या गटातल्या मुलांची ही गोष्ट. मालकी हक्काचा प्रश्न नको म्हणून शाळेचं नावही घेत नाहीत, 'एक विशिष्ट शाळा' म्हणतात.

यातली मेगन जोन्स गॉथ आहे. तिला भयंकर दिसायचंय, पण वाट्याला आलाय सगळ्यांत गोड, पिवळ्या रंगाचा गट. ती रागाने काही बोलते आणि आजूबाजूचे सगळे प्रेमाने हसतात. विनोद या विसंगतीतून येतो. पण हळूहळू कळतं, की तिची आई याच गटातली होती आणि दुष्ट जादूगाराला जाऊन मिळाली. काळा पोशाख ही मेगनची आईपर्यंत पोचायची धडपड आहे. हे कळल्यावरही आपण हसतो, फक्त आता तिच्या बाजूने हसतो.

माझ्या अभ्यासातला मुद्दा थोडक्यात हाच: नट समोर उभा राहिला, की चुकीमागची इच्छा दिसू लागते. त्या मधल्या सुट्टीत वही वाचली गेली, पण मला गोष्ट का लिहावीशी वाटली हे कुणी विचारलंच नाही. कारण साधं होतं. मला सायकल येत नव्हती.