मोटारीचा श्वास का कोंडतो?

२०२३ सालच्या गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आम्ही पुण्याहून रत्नागिरीला निघालो होतो. मी, सौभाग्यवती, मातोश्री आणि दोन मुले. डिकीत सामान इतके कोंबलेले, की मागची काच असून नसल्यासारखी. कऱ्हाड सोडले, मलकापूर मागे पडले आणि आंबा घाटाच्या तोंडाशी पावसाने गाठले. चहाला म्हणून उतरलो आणि सगळेच चिंब झालो. परत गाडीत बसल्यावर मुले कुडकुडू लागली, तेव्हा एसी बंद केला.

झाले! पाच माणसांचे ओले कपडे आणि पाच माणसांचे श्वास. दोन वळणे संपायच्या आत समोरची काच आतून दुधासारखी पांढरी झाली. सौ.ने नॅपकिनने पुसली, तर तिच्यावर ओघळ उठले. मी बाहेरची हवा आत घेण्याची दांडी सरकवली, वाऱ्याचा रोख काचेवर केला, पंखा चारवर नेला, एसीही पुन्हा लावला. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. पण काचेवर वारा यायचा तो मात्र आजारी माणसाने फुंकर घालावी तसा. आणि त्याच सुमारास त्या पांढऱ्या पडद्यातून एस.टी.चे दोन दिवे अगदी हातभर अंतरावर उगवले! मी स्टिअरिंग डावीकडे मारले. एस.टी.च्या ड्रायव्हरने खिडकीतून डोके काढून जे काही म्हटले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. पण त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

मग चारही काचा खाली करून, मातोश्रींच्या अंगावर पाऊस घेत, बैलगाडीच्या चालीने घाट उतरलो. साखरप्याला एक गॅरेज उघडे दिसले.

माझा संताप निराळ्याच कारणाने होता. महिनाभरापूर्वीच ‘झरोक्यांतून वारा कमी येतो’ अशी तक्रार घेऊन मी गाडी एका मोठ्या, चकचकीत वर्कशॉपमध्ये दिली होती. तिथे टाय लावलेल्या तरुणाने संगणकात काहीतरी पाहून ‘गॅस कमी आहे’ असे निदान केले. गॅस भरला. बिलात ‘केबिन फिल्टर साफ केला’ अशीही एक रक्कम होती. वारा गार झाला खरा, पण वाढला नाही. गार वारा आणि पुष्कळ वारा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा उमगले नाही. दुर्दैवाने त्या तरुणालाही नाही.

साखरप्याचे मिस्त्री साठीचे होते. उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईत फियाट टॅक्सींच्या पोटाखाली घालवलेली. मला वाटले, आता हे बॉनेट उघडणार. ते सरळ ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसले. समोर पडलेल्या वर्तमानपत्राची एक चिंधोटी फाडली आणि ती एकेका झरोक्यापुढे धरू लागले. पंखा एकवर, दोनवर, तीनवर, चारवर. आवाज दर वेळी वाढला. कागद मात्र प्रत्येक झरोक्यापुढे सारखाच मलूल. नंतर त्यांनी हवेची ती दांडी एका बोटाने इकडून तिकडे फिरवली.

“साहेब, ही दांडी किती हलकी चालतेय बघा. हिच्या दुसऱ्या टोकाला काही बांधलेलंच नाही. आणि पंख्याला काही झालेलं नाही, तो बिचारा ओरडतोय. त्याच्या नाकात बोळा आहे.”

“पण गॅस तर गेल्या महिन्यात भरला...”

“गॅसचा आणि वाऱ्याचा काय संबंध? गॅस गारवा देतो. वारा पंखा देतो.”

हे एक वाक्य मी वर्कशॉपच्या दारावर रंगवून घेतले असते, तर माझे काही हजार रुपये वाचले असते.

हवेची वाट

मिस्त्री काम करता करता जे सांगत गेले, त्यात मी नंतर वाचून थोडी भर घातली. बाहेरची हवा गाडीत शिरते ती पुढून नव्हे, तर बॉनेट आणि समोरची काच यांच्या मधल्या जाळीतून. जिथे वायपरचे पाय असतात तिथून. चालत्या गाडीच्या काचेपाशी हवेचा दाब वाढतो, म्हणून ती जागा. तिथून पुढे एक झडप असते. ती बाहेरची वाट उघडी ठेवते, नाहीतर ती बंद करून गाडीतलीच हवा पुन्हापुन्हा फिरवते. मग फिल्टर, मग पंखा, किंवा काही गाड्यांत आधी पंखा. त्यानंतर एसीचे जाळे, ज्याला मिस्त्री लोक ‘कूलिंग कॉइल’ म्हणतात. त्याच्या पुढे हीटर. आणि शेवटी वारा तोंडावर, पायांवर की काचेवर, हे ठरवणाऱ्या झडपा. एवढे झाल्यावर हवा बाहेरही पडली पाहिजे. त्यासाठी मागच्या बाजूला, बंपरच्या आड किंवा डिकीच्या कडेला, रबरी पडद्यांच्या वाटा ठेवलेल्या असतात. घरात वारा खेळायला समोरासमोर दोन खिडक्या लागतात, तसेच हे.

आमच्या गाडीचा डावीकडचा कप्पा मिस्त्रींनी दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला आणि मागचे झाकण काढून फिल्टर ओढला. तो पांढरा असतो असे म्हणतात. आमचा गोधडीच्या अस्तरासारखा काळपट होता. त्याच्या घड्यांत गुलमोहराच्या पानांचा चुरा गच्च बसलेला, कापसाचे पुंजके आणि शेंगांची चार टरफले. म्हणजे उंदीरमामांचीही वस्ती होऊन गेली होती! महिन्यापूर्वी ‘साफ’ केलेला तो हाच फिल्टर.

सौ. माझ्याकडे पाहत होती. आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराखालची जागा मिळावी म्हणून मी दोन वर्षे शेजाऱ्यांशी भांडलो होतो. गुलमोहराची पानोळी इतकी बारीक, की जाळीतून ती पावडरीसारखी आत पडते. सावलीचे भाडे मी असे भरत होतो.

दुसरे दुखणे दांडीचे. तिची तार झडपेच्या चापातून निसटली होती आणि झडप आतलीच हवा फिरवायच्या बाजूला पडून राहिली होती. मी घाटात दांडी सरकवली, पण बाहेरची हवा आत आलीच नाही. ओल्या माणसांची ओली हवा काचेवर परत परत फिरत राहिली. एसीने ती वाळवली असती, कारण कॉइलवरून जाताना हवेतले पाणी गळून पडते. पण फिल्टर तुंबल्यामुळे काचेपर्यंत पुरेसा वारा पोचेच ना. दोन क्षुल्लक बिघाड, एकेकटे आले असते तर कळलेही नसते. एकत्र आले आणि एस.टी.खाली घालायला निघाले.

मिस्त्रींनी तार चापात बसवली, फिल्टर झटकून ठेवून दिला आणि म्हणाले, “आज असेच जा. रत्नागिरीला नवा घ्या. त्यावर बाण असतो, हवा जाते त्या दिशेला ठेवा. उलटा घालू नका.” पैसे घेतले दोनशे.

घरच्या घरी नाडीपरीक्षा

तेव्हापासून मला या विषयाचा छंदच लागला. ओळखीच्यांच्या गाड्यांत बसलो, की मी कागदाची चिंधोटी काढतो. लोक हसतात, पण हत्यार न लावता किती कळते ते पाहा.

पंखा फक्त शेवटच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या वेगावर चालतो आणि एक-दोन-तीनवर मेल्यासारखा असतो, तर पंखा चांगला आहे. रेझिस्टर जळला आहे. खालच्या वेगांना वीज त्यातून जाते, शेवटच्या वेगाला थेट जाते. हा रेझिस्टर तापतो, म्हणून तो वाऱ्याच्या झोतातच बसवलेला असतो. आता गंमत पाहा : फिल्टर तुंबला की झोत कमी होतो आणि रेझिस्टर जास्त तापून जळतो. किंवा मोटर जुनी होऊन जास्त वीज ओढते आणि त्याला जाळते. आमच्या एका स्नेह्यांनी सहा महिन्यांत दोन रेझिस्टर बदलले. तिसऱ्याच्या वेळी मी मध्ये पडलो. दुखणे मोटरचे होते. (अगदी नव्या, आपोआप वेग सांभाळणाऱ्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक तुकडा असतो, तिथे ही खूण चालत नाही.)

पंखा कोणत्याच वेगावर चालत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. फ्यूज ठीक असून डाव्या डॅशबोर्डखाली मोटरच्या डब्यावर टिचकी मारल्यावर ती कुरकुरत सुरू झाली, तर तिचे ब्रश झिजले आहेत. टिकटिक आवाज येत असेल, तर पंख्यात पान गेले आहे. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल, तर त्याजागी मोठा फ्यूज कधीही घालू नये. त्याने मोटार चालू होत नाही, पेटते.

आवाज भरपूर आणि वारा थोडा, अशी आमच्यासारखी स्थिती असेल, तर फिल्टर काढून क्षणभर पंखा लावून पाहावा. वारा उसळला, तर चोर सापडला. फिल्टर काढूनही मरगळ तशीच असेल, तर आतली हवा फिरवण्याची दांडी लावावी. त्याबरोबर वारा एकदम जोर धरू लागला, तर काचेखालची जाळी बुजली आहे. दांडी हलवून आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर झडप हलतच नाही.

एक परीक्षा मला फार आवडते. काचा बंद, बाहेरची हवा, पंखा चारवर. कागद धरून ठेवायचा आणि मागची एक खिडकी उघडायची. कागद ताडकन उडू लागला, तर हवेला बाहेर जायची वाट नाही. एका नातेवाइकांच्या गाडीत डिकीच्या कडेच्या त्या वाटांवर सतरंज्यांची गाठोडी कायम दाबून ठेवलेली होती. ‘दार फार जोराने आपटावे लागते’ ही त्यांची तक्रारही त्याच दिवशी मिटली.

सगळ्यांत फसवे दुखणे बर्फाचे. गाडी निघताना वारा छान. अर्ध्या-पाऊण तासाने तो मावळतो, पंख्याचा आवाज मात्र तसाच. एसी बंद करून नुसता पंखा पंधरा मिनिटे चालू ठेवला, की वारा परत येतो आणि गाडीखाली पाण्याचे तळे साचते. कॉइलवर बर्फ धरला होता! कॉइल गोठण्याच्या बेताला आले की कॉम्प्रेसर थांबवणारा एक सेन्सर असतो. तो बिघडलेला असतो, किंवा गॅस कमी असतो, किंवा फिल्टर तुंबून वाराच कमी जातो. या एका ठिकाणी गॅसचा संबंध येतो, हे वर्कशॉपवाल्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळतो आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्याला गॅस भरून देणाऱ्याला मी मिस्त्री म्हणणार नाही.

डावीकडच्या पायाखाली ओल आली, तर कॉइलचे पाणी बाहेर सोडणारी नळी बुजली आहे. तेच पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट वाफ धरत असेल, तर ते पाणी नव्हे. हीटर गळून इंजिनातले कूलंट आत येत आहे. त्याला थांबू नये.

आणि घाटातल्या धुक्याचे एक उलटेही आहे. कोकणातल्या दमट रात्री काचेवर गार वाऱ्याचा फार मारा केला, तर काच बाहेरून धुकटते. ती आतून कितीही पुसा, जात नाही. वायपर एकदा फिरवला की जाते.

तिकोनी काच

साखरप्याच्या मिस्त्रींनी काम संपवताना एक उसासा टाकला होता. “फियाटला हा त्रास नव्हता. तिकोनी काच फिरवली की वारा थेट छातीवर.” ही तिकोनी काच जनरल मोटर्सने १९३३ सालच्या गाड्यांत आणली होती. नॅश कंपनीने १९३८ साली गाळलेली, ऊन हवा दाबाने आत सोडण्याची योजना काढली. पॅकार्डने १९४० च्या मॉडेलांत एसी बसवून दिला. पण तो बंद करायचा, तर खाली उतरून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे! आणि १९६४ साली फोर्डच्या कॉर्टिना गाडीने तोंडासमोर झरोके देऊन मागे हवेला बाहेर पडायची वाट केली, तेव्हा तिकोनी काचेचे दिवस भरत आले. आपल्याकडे ती पद्मिनी टॅक्सीबरोबर टिकली. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. आमच्या त्या प्रवासानंतर जेमतेम दीड महिन्याने.

गणपती आटोपून पुण्याला परतल्यावर तो काळा फिल्टर कागदात गुंडाळून मी वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. सोबत त्यांचे बिलही नेले. टायवाल्या तरुणाने दोन्ही गोष्टी बराच वेळ पाहिल्या. मग फिल्टरच्या सफाईची रक्कम परत केली, गॅसची नाही. निघताना मला हलक्या आवाजात विचारले, “सर, ती दांडी हलकी चालते, हे नेमकं कसं ओळखायचं?” मी त्याला माझ्या गाडीत बसवून दोन-चारदा ती सरकवायला लावली. आता ती घट्ट चालते, आणि झडप मिटताना आत बारीकसा ‘टप्’ असा आवाज येतो.

गाडी मी रात्री आतल्या हवेच्या खुणेवर लावून ठेवतो, म्हणजे उंदरांची वाट बंद राहते. गुलमोहराखालची जागा अजून सोडलेली नाही.