कागदावरचा नळ आणि जमिनीतला नळ

बेळगाव-धारवाडकडच्या माळांवर, तसेच गुजरात व मध्य प्रदेशातील शेतांतून जाताना बांधाच्या कडेस ठरावीक अंतरावर रोवलेले खांब आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांवर कंपनीचे नाव, धोक्याची सूचना आणि दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेला असतो. गुरे त्यांस अंग घासतात, पोरे नेम धरून दगड मारतात, आणि वडीलधाऱ्यांच्या लेखी तो ‘गॅसचा खांब’ म्हणजे पूर्वी मिळालेल्या नुकसानभरपाईची खूण, एवढेच. परंतु त्या खांबाजवळ, सुमारे मीटरभर खोल, एक पोलादी नळ गेलेला असतो व त्यातून मोटारीच्या चाकातील हवेच्या कितीतरी पट दाबाने नैसर्गिक वायू रात्रंदिवस धावत असतो. दाभोळहून बेंगळुरूस गेलेली वाहिनी व तिची गोव्याकडे आलेली शाखा ही ह्याच जातीची; हजिऱ्याहून निघून गुजरात व मध्य प्रदेश ओलांडून उत्तरेस गेलेली वाहिनी तिच्याहून बरीच जुनी.

असा नळ शेतातून न्यावयाचा तर त्यासाठी १९६२ चा एक कायदा आहे. त्यान्वये जमीन मालकाचीच राहते. केवळ तिच्या पोटातून नळ नेण्याचा हक्क घेतला जातो. झालेल्या नुकसानीखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मालकास मिळते, आणि त्या पट्ट्यात घर बांधणे, विहीर वा तळे खोदणे, झाड लावणे ह्यांस बंदी होते. दहा टक्क्यांत वाजवी मोबदला झाला असे म्हणणारा शेतकरी आमच्या तरी पाहण्यात नाही. मात्र बंधने एकट्या शेतकऱ्यावर नाहीत. नळ चालविणाऱ्या कंपनीवर त्याहून पुष्कळ अधिक आहेत, आणि ती कोणती हे त्या नळाशेजारी राहणाऱ्यांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आपल्या देशात २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाची तरतूद झाली. ह्या मंडळाने २००९ मध्ये वायुवाहिन्यांच्या बांधणीचे व सुरक्षिततेचे नियम केले आणि २०१२ मध्ये नळ आयुष्यभर सुस्थितीत कसा राखावा ह्याचे. त्यांतील मुख्य गोष्टी सामान्य माणसास सहज समजण्याजोग्या आहेत. वस्ती जितकी दाट तितकी नळाची भिंत जाड हवी, नाहीतर दाब कमी हवा. ज्या वेळी नळ घातला त्या वेळी माळ असेल आणि आज तेथे वाडी वसली असेल, तर कंपनीने हिशेब पुन्हा मांडला पाहिजे. वायू सोडण्यापूर्वी नळात पाणी भरून, नेहमीच्या दाबाहून अधिक दाब देऊन तो टिकतो की नाही हे पाहिले पाहिजे. पोलाद गंजू नये म्हणून वरून लेप आणि शिवाय अत्यंत सौम्य विजेचा प्रवाह अखंड ठेवावा लागतो. नळ आतून तपासण्यासाठी एक यंत्र वायूच्या जोराने आतून ढकलले जाते. कामगार त्यास ‘पिग’, म्हणजे चक्क डुक्कर, म्हणतात. हे डुक्कर मैलोगणती सरपटत जाते आणि कोठे भिंत झिजली, कोठे खड्डा पडला ह्याची नोंद करीत पलीकडे निघते.

नियम असे आहेत. परंतु नियम पाळला की नाही हे समजावयाचे कशावरून? नळ तर मातीत पुरलेला. तेव्हा सारी भिस्त कागदावर येते: नळ कोणत्या जातीचा, सांधा कसा जोडलेला, चाचणी केव्हा झाली, आतून काय वाहते. कागद खोटा असेल तर पुढचा सारा हिशेब खोटा ठरतो. ह्याचे सर्वांत कडू उदाहरण अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातील सॅन ब्रुनो नावाच्या गावी घडले.

९ सप्टेंबर २०१० रोजी सायंकाळी सहाच्या सुमारास तेथील एका वस्तीखालचा तीस इंची नळ फुटला. जवळच विमानतळ असल्यामुळे विमान कोसळले असेच प्रथम अनेकांस वाटले. नळाचा अठ्ठावीस फूट लांबीचा तुकडा उडून शंभर फुटांवर पडला. आठ माणसे दगावली, अडतीस घरे भस्म झाली. आणि मन विषण्ण करणारी गोष्ट ही की, वायूचा लोट बंद करण्यास कंपनीस ९५ मिनिटे लागली. दूरवरून मिटणाऱ्या झडपा त्या ठिकाणी नव्हत्या. माणसे गाडीने जाऊन हाताने झडपा फिरवीत होती, आणि तोवर आग घरामागून घर गिळीत होती.

चौकशीत काय निघाले? कंपनीच्या दप्तरी तो नळ सांधारहित असल्याची नोंद होती. प्रत्यक्षात १९५६ साली त्या जागी आखूड तुकडे एकमेकांस जोडून काम भागविले होते आणि त्यांच्या लांबीचे सांधे अर्धवट झाळलेले होते. आतून पाहणाऱ्यास तो दोष नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. परंतु त्या नळातून ‘डुक्कर’ जाऊ शकत नव्हते. आणि पाण्याच्या दाबाच्या चाचणीतून जुन्या नळांस नियमांनीच सूट दिलेली होती, कारण ते नियम होण्याआधीपासून जमिनीत होते! जे जुने म्हणून अधिक तपासावयाचे, तेच जुने म्हणून सोडून दिले. चौकशी मंडळाने ह्या सवलतीवर व राज्याच्या ढिल्या देखरेखीवरही ठपका ठेवला.

पुढे, ज्यांचा माग लागेल, ज्या पडताळता येतील आणि ज्या पूर्ण असतील अशाच नोंदी ग्राह्य धरण्याचा आग्रह धरला गेला. तेव्हा कंपनीस २०११ मध्ये जुन्या कागदांच्या असंख्य पेट्या एका अवाढव्य सभागृहात आणून रात्रंदिवस चाळाव्या लागल्या. मूळ गुरांच्या प्रदर्शनांसाठी बांधलेले ते सभागृह ‘काऊ पॅलेस’ ह्या नावानेच ओळखले जाते. २०१५ मध्ये राज्याच्या नियामकाने कंपनीस १६० कोटी डॉलरचा दंड केला. २०१६ मध्ये ज्यूरीने सुरक्षा नियम जाणूनबुजून मोडल्याबद्दल व चौकशीत अडथळा आणल्याबद्दल तिला दोषी ठरविले. तुरुंगात मात्र कोणी गेले नाही, कारण खटला कंपनीवर होता, माणसांवर नव्हता.

परदेशातील गोष्ट म्हणून ती सोडून द्यावी, तर आपल्याकडेही कागद व नळ ह्यांची फारकत होऊन माणसे गेलेली आहेत. २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्र प्रदेशात, गोदावरीच्या मुखाजवळील नगरम् ह्या गावी गेल कंपनीची अठरा इंची वाहिनी फुटली आणि आगीत वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नारळीची झाडे उभीच्या उभी करपली. तो नळ कोरडा वायू नेण्यासाठी योजिलेला होता. त्यातून जात होता पाण्याचा अंश असलेला ओला वायू. पाणी काढून घेण्याचे जे यंत्र हवे ते बसविलेलेच नव्हते. ओलाव्याने पोलाद आतून खात आणले. गळतीविषयी आपण आधी तक्रारी केल्या होत्या, असे गावकऱ्यांनी नंतर सांगितले.

म्हणून गावाने आपली नजर उघडी ठेवावयास हवी. शहरात घरोघरी जाणाऱ्या गॅसला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. लांब पल्ल्याच्या नळातील वायूस तो बहुधा नसतो. तेव्हा वास नाही म्हणून निर्धास्त राहू नये. जमिनीतून फूत्कार ऐकू येणे, वारा नसता धूळ उडणे, साचलेल्या पाण्यात बुडबुडे येणे, हिरव्या पिकात एकच पट्टा वाळून जाणे, ही गळतीची लक्षणे होत. अशा जागी काडी ओढू नये, बिडी तर नाहीच. पंपाचे बटण दाबू नये, ट्रॅक्टर वा मोटारसायकल चालू करू नये. वाऱ्याच्या उलट दिशेस पायी दूर जावे, शेजाऱ्यांस हाक द्यावी, आणि लांब गेल्यावरच खांबावरच्या क्रमांकास फोन करावा. झडपेस स्वतः हात लावण्याचा शहाणपणा कोणी करू नये.

विहीर, बोअर किंवा चर खणावयाचा असेल तर आधी कंपनीस कळवावे व तिचा माणूस येईपर्यंत कुदळ उचलू नये. फोन केल्यावर तारीख, वेळ व बोलणाऱ्याचे नाव वहीत टिपावे. दोन दिवसांत कोणी फिरकले नाही तर तेच ग्रामपंचायतीकडून लेखी धाडून पोच घ्यावी. खांबावरील क्रमांक उन्हापावसाने पुसला गेला असेल, तर तो रंगवून देणे कंपनीचे काम आहे. तसे तिला आजच कळवावे, आणि तोवर तो क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेच्या कडेस मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.