परिचारिकेचे नेतृत्व



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिली, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या पश्चात, १९०९ साली, रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदन उभे केले आणि मराठी घरांतल्या स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. म्हणजे आपले हे व्यासपीठ आणि आजचा विषय ही एकाच घरातली दोन देणी आहेत असे म्हटले तर वावगे होणार नाही.

विषय आहे नोंदणीकृत परिचारिकांच्या पुढील शिक्षणाचा, आणि त्यातही नेतृत्व व व्यवस्थापन या अंगाचा. हा विषय परिचारिकांपुढे मांडावा, आम्हां गावकऱ्यांपुढे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. भोरच्या किंवा वेल्ह्याच्या रुग्णालयात रात्री आपला माणूस घेऊन आपण जातो, तेव्हा दारात प्रथम भेटते ती सिस्टर. डॉक्टर येतात, पाहतात, उपचार सांगतात आणि दुसऱ्या रोग्याकडे वळतात. पुढचे सात-आठ तास रोगी सिस्टरच्या हाती असतो. ती हुशार असणे पुरेसे नाही. तिला दुसऱ्यांकडून काम करून घेता आले पाहिजे, आणि तिची पाळी संपल्यावर ते काम पुढे चालू राहिले पाहिजे. या दोन गोष्टी अंगभूत नसतात, शिकाव्या लागतात.

प्रथम पायऱ्या समजून घेऊ. खेड्यातल्या उपकेंद्रात काम करते ती आरोग्यसेविका. रुग्णालयाच्या वॉर्डात असते ती अधिपरिचारिका, जिला आपण स्टाफ नर्स म्हणतो. एका वॉर्डाची जबाबदारी जिच्याकडे, ती परिसेविका, म्हणजे इन्चार्ज सिस्टर. सर्व परिचारिकांवर देखरेख ठेवणारी ती अधिसेविका, अर्थात मेट्रन. अधिपरिचारिका परिसेविका झाली की तिचे काम मुळातूनच बदलते. काल ती इंजेक्शन देत होती. आज कोणी कोणाला इंजेक्शन द्यावयाचे हे तिला ठरवावे लागते. चांगला वल्हेकरी चांगला तांडेल होईलच असे नाही, तसेच हे आहे. आपल्याकडे बढती बहुधा सेवाज्येष्ठतेने मिळते, आणि बढतीबरोबर शहाणपणही आपोआप येते असा आपला समज असतो.

हा समज खरा नाही हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने फार पूर्वी ओळखले होते. १८५४ च्या नोव्हेंबरात अडतीस स्त्रियांना घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली. हातात दिवा घेतलेली तिची मूर्ती आपण शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे. पण तिचे अर्धे काम दिव्याचे, तर अर्धे हिशेबाचे होते. चादरी किती, साबण किती, स्वयंपाक वेळेवर होतो की नाही, कोण कशाने दगावला, याची ती नोंद ठेवी. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथे शंभरांत सुमारे बेचाळीस रोगी दगावत होते. त्या वसंतात सरकारी आरोग्य आयोगाने गटारे साफ करविली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शंभरांत दोनच्या आसपास आले. हे श्रेय एकट्या नाइटिंगेलचे नव्हे. तिचा मोठेपणा असा की, पुढे तिने हे आकडे मांडून सरकारला बोलते केले. १८५९ साली लिहिलेल्या परिचर्येवरच्या पुस्तकात तिने एक संपूर्ण प्रकरण व्यवस्थेला दिले. आपण हजर असताना जे घडते ते आपण नसतानाही घडावे, अशी तजवीज करणे हाच त्या प्रकरणाचा विषय आहे. आजच्या व्याख्यानाचाही तोच विषय समजा. याच नाइटिंगेलचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी आपल्या खेड्यांच्या स्वच्छतेविषयी पत्रव्यवहार होता, हेही जाता जाता सांगतो.

रमाबाईंनी हेच तत्त्व आपल्या परीने अमलात आणले. सेवासदनाने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी पाठविले. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारे काम कुलीन स्त्रीने करावे ही कल्पनाच त्या काळी समाजाला सहन होत नव्हती. अशा वेळी एखादीला धीर देऊन पाठविणे निराळे, आणि दरवर्षी नव्या मुली येत राहतील, त्यांच्या राहण्याची सोय होईल, अशी व्यवस्था लावणे निराळे. रमाबाई १९२४ साली गेल्या. सेवासदन राहिले. नेतृत्वाची याहून साधी कसोटी मला ठाऊक नाही.

आता आपल्या डोंगराकडे वळू. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. हे भोर म्हणजे आपले गाव नव्हे. अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचे ते आडनाव. त्या वेळी साऱ्या देशात शिक्षित परिचारिका होत्या सुमारे सात हजार. आजची प्राथमिक आरोग्य केंद्रे त्या अहवालाच्या विचारातून निघाली. पुढे ठरलेल्या प्रमाणानुसार सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, तसेच सपाटीवर तीस हजार व डोंगराळ भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक केंद्र असावयास हवे. कागदावर हे ठीक दिसते. पण हिर्डस मावळात, वेळवंड खोऱ्यात, भाटघरच्या जलाशयाच्या काठाने, किंवा ज्या वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे तिथे तोरण्याच्या पायथ्याला, तीन हजार माणसे एका ठिकाणी राहत नाहीत. ती वाड्यावस्त्यांवर विखुरलेली असतात. पावसाळ्यात ओढे भरले की, जवळचे अंतरही लांबते. अशा ठिकाणी वरिष्ठांना विचारून करू म्हणण्याइतका अवकाश दर वेळी मिळत नाही.

अशी कल्पना करा. आषाढाचे दिवस आहेत. भाताची लावणी चालू आहे. खाचरात एका बाईला सर्पदंश झाला, आणि रात्री नऊला तिला जीपमधून रुग्णालयात आणले. बरोबर दहा माणसे, सगळी एकदम बोलणारी. डॉक्टर आतल्या खोलीत बाळंतपणात अडकलेले. सिस्टर एकटी, बरोबर एक शिकाऊ परिचारिका, एक मावशी आणि एक मामा.

सिस्टर धावत सुटली आणि सगळे स्वतःच करू लागली, तर काहीच धड होणार नाही. नुसते "कोणीतरी सलाइन आणा" म्हणाली, तर कोणीच आणणार नाही, कारण कोणीतरी हे कोणाचेच नाव नसते. शिकलेली सिस्टर काय करते? ती शिकाऊ मुलीला नाव घेऊन सांगते, "तू नाडी, रक्तदाब आणि श्वास मोज, दर पंधरा मिनिटांनी लिही, पापण्या जड होतात का पाहा." मुलगी ते परत म्हणून दाखविते. "मामा, तुम्ही १०८ ला फोन लावा आणि गाडी कुठे आहे ते मला येऊन सांगा. मावशी, घरचे एकच माणूस आत ठेवा, बाकीच्यांना बाहेर बसवा." मग ती स्वतः काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवते. रक्त गोठले नाही तर विष रक्तात भिनले आहे. सर्पविषावरची लस आणि तिची उलट प्रतिक्रिया आलीच तर लागणारे अॅड्रिनलिन ती एकाच ट्रेमध्ये मांडून ठेवते. डॉक्टर आले की तीस सेकंदांत सांगते: काय झाले, केव्हा झाले, आता स्थिती कशी आहे, आणि तिच्या मते काय हवे. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले प्रमाण ती परत म्हणून दाखविते आणि मगच औषध भरते.

यात अलौकिक असे काही नाही. कामाची वाटणी, नाव घेऊन सूचना, परत म्हणून दाखविणे, नोंद, आणि थोडक्यात निवेदन. या पाच सवयी आहेत. पण त्या आणीबाणीत सुचत नाहीत. आधी वारंवार केलेल्या असाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या वेळी मोठ्याने वाचण्याची एक साधी यादी तयार केली. दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर आले. यादीत नवे औषध एकही नव्हते. खोलीतल्या सर्वांत धाकट्या परिचारिकेलाही "थांबा, हे राहिले" म्हणण्याची मुभा मात्र त्या यादीने दिली. कनिष्ठाला बोलू देणे हा नेतृत्वाचा मोठा भाग आहे, आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या समाजात तो शिकावयास सर्वांत अवघड आहे.

दुसरा भाग रोजच्या, कंटाळवाण्या कामाचा. लसींचे शीतपेटीतले तापमान दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते, आणि दिवसातून दोनदा पाहून लिहावे लागते. उष्णतेने लस बिघडते, आणि काही लसी गोठूनही निकामी होतात. बिघडलेली लस बहुधा डोळ्यांना ओळखू येत नाही. म्हणजे सगळा भरवसा त्या वहीवर. सुट्टीच्या दिवशी ती वही कोण भरणार, वीज गेली तर कोण काय करणार, हे आधी ठरवून भिंतीवर लावणे म्हणजेच व्यवस्थापन. जिथे सिस्टर रजेवर गेली की वही कोरी राहते, तिथे सिस्टर कितीही कष्टाळू असो, व्यवस्था नाही असेच म्हणावे लागेल.

तिसरी गोष्ट पाळ्यांच्या हिशेबाची. "रुग्णालयात पाच नर्सबाई आहेत, रात्री मात्र एकच दिसते, बाकीच्या जातात कुठे?" ही तक्रार आपण ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. आपण मिळून हिशेब करू. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्यांत एकेक परिचारिका हजर ठेवावयाची, तर वर्षाच्या पाळ्या झाल्या ३६५ गुणिले ३, म्हणजे १०९५. एका परिचारिकेच्या ३६५ दिवसांतून साप्ताहिक सुट्टीचे ५२ गेले. रजा, सण, आजारपण यांचे चाळीस-पन्नास धरा. उरले सुमारे २६५. १०९५ ला २६५ ने भागले की, चाराहून अधिक येतात. म्हणजे एका वेळी एक परिचारिका दिसावी, एवढ्यासाठीच चार-पाच जणी लागतात! भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणात शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, शिवाय शेकडा तीस रजेसाठी राखीव, असे सांगितले आहे ते याच कारणाने. हा हिशेब परिसेविकेला मांडता आला, तर ती वरिष्ठांकडे जागा मागताना गाऱ्हाणे घेऊन न जाता आकडे घेऊन जाते, आणि पाळीपत्रक लावताना एकीच्याच वाट्याला सलग रात्री येत नाहीत. दमलेल्या माणसाच्या हातून चुका होतात, हे सांगावयास तज्ज्ञ नको.

हे शिक्षण मिळते कुठे? तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पुरा केलेल्या परिचारिकेला दोन वर्षांची पुढील पदवी घेता येते आणि तीत प्रशासनाचा विषय असतो. महाराष्ट्रात नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाची जोड लागते. तथापि खरी अडचण निराळी आहे. वर्ग भरतात पुण्याला. डोंगरातली परिचारिका त्या वर्गाला गेली तर तिच्या जागी बसणार कोण? मघाचा हिशेब इथे पुन्हा आडवा येतो. राखीव माणूस नसले की, शिक्षण हे रजेत किंवा झोपेच्या वेळेत उरकावयाचे काम होते, आणि मग प्रमाणपत्र जमा होते, सवय मात्र जडत नाही. यास्तव वर्गाइतकेच महत्त्व जागेवरच्या शिक्षणाला द्यावयास हवे. पाळी बदलताना प्रत्येक खाटेपाशी उभे राहून दहा मिनिटे निवेदन करणे, महिन्यातून एकदा सर्पदंशाची रंगीत तालीम घेणे, आणि चूक घडली तर "कोणाची" याच्या आधी "कशी" हा प्रश्न विचारणे. यांना पैसा लागत नाही. लागते ती हे सर्व मनावर घेणारी एक परिसेविका, आणि तिला तो वेळ देणारा एक वैद्यकीय अधिकारी.

शेवटी आपल्या वाट्याचे काम. रुग्णालयात गेल्यावर सिस्टरने दहांपैकी नऊ जणांना बाहेर बसविले, तर तो आपला अपमान समजू नये. ती आपल्याच माणसासाठी जागा मोकळी करीत असते. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा औषधे आहेत का एवढेच न विचारता, रात्रपाळीला किती जणी असतात आणि त्यांच्या शिक्षणाच्या काळात बदली माणूस मिळते का, हेही विचारावे. आणि आपल्या घरची मुलगी परिचारिका असेल तर, तिने पुढे शिकण्याचा विषय काढला की, "नोकरी लागली, आता आणखी कशाला?" असे म्हणू नये. रमाबाईंच्या काळी घराने पहिल्या शिक्षणाची वाट अडविली होती. आपल्या काळी घराने दुसऱ्या शिक्षणाची अडवू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.