नाणेघाटाची वाट

कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री एखाद्या प्रचंड तटासारखा उभा आहे. हा तट ओलांडण्यासाठी मनुष्याने फार प्राचीन काळापासून वाटा शोधल्या. त्यांनाच घाट म्हणतात. ठाणे जिल्ह्यातील वैशाखरे गावाजवळून निघून पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या पठारावर चढणारा नाणेघाट हा त्यांपैकी एक अतिशय जुना घाट होय. आज त्यावरून व्यापाऱ्यांचे तांडे जात नाहीत. परंतु निसर्गाची व इतिहासाची आवड असणारे पदयात्री वाटाड्याला बरोबर घेऊन ही चढण चढतात.

वाट आरंभी रानातून जाते. तिला जागोजाग ढोरवाटा फुटतात आणि नवखा मनुष्य भलतीकडेच जाऊन पोहोचतो. वाटाड्याला मात्र त्या रानाची खडान्‌खडा माहिती असते. कोणता ओढा पावसाळ्यात एकाएकी फुगतो, कोणत्या खडकावर शेवाळ धरते, पिण्याजोगे पाणी कोठे मिळते, हे सारे तो जाणतो. म्हणून त्याला मागे टाकून कोणी पुढे धावू नये, आणि कोणी रेंगाळूही नये. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालावे, हा डोंगरवाटेचा पहिला नियम आहे.

चढण सुरू झाली की जाणत्या वाटाड्याचे दुसरे काम सुरू होते. इतरांना जे नुसते दगड दिसतात, त्यांची तो ओळख करून देतो. पायांखालची फरसबंदी मनुष्याच्या हातची आहे. बाजूच्या खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. ती दमल्याभागल्या प्रवाशांची तहान भागवण्यासाठी होत. सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, कल्याण व सोपारा ही बंदरे गजबजलेली होती. तेथे उतरलेला माल याच घाटाने जुन्नरकडे आणि पुढे राजधानी पैठणकडे जात असे.

घाटमाथ्याच्या अलीकडे एक प्रशस्त लेणे लागते. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील, प्राकृत भाषेतील मोठा शिलालेख कोरलेला आहे. तो सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या काळचा मानला जातो. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण नावाची नाणी यांची त्यात नोंद आहे. ही दाने मोजण्यासाठी कोरलेली अंकचिन्हे भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांपैकी आहेत. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांसाठी निरनिराळी चिन्हे आहेत. मागील भिंतीवर राजपुरुषांच्या व राणीच्या मूर्ती होत्या. त्या आज नष्ट झाल्या आहेत; पावलांच्या खुणा आणि कोरलेली नावे तेवढी शिल्लक आहेत.

माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाटाची जकात त्यात जमा होत असे, असे परंपरा सांगते. जवळच जीवधन किल्ला या वाटेवर पहारा करीत उभा आहे. कड्यावरून खाली पाहिले म्हणजे कोकण एखाद्या नकाशासारखे पसरलेले दिसते.

नागनिकेच्या लेखातील कित्येक अक्षरे ऊनपावसाने झिजली आहेत. काही ओळी खंडित झाल्यामुळे विद्वानांना त्यांचा अर्थ तर्काने जुळवावा लागतो. अशा ठिकाणी एक अक्षर गेले, तर त्याबरोबर इतिहासातील एखादी हकीकतही कायमची जाते. तरीही काही अविचारी लोक जुन्या वास्तूंच्या भिंतींवर कोळशाने अथवा दगडाने स्वतःची नावे लिहितात. जे लिहिण्यास त्यांना एक क्षण पुरतो, ते पुसण्यासाठी तज्ज्ञांना महिनोन्‌महिने खपावे लागते. आणि पुष्कळदा ते पुसताही येत नाही.

घाट चढणाऱ्याने डोळे भरून पाहावे, वाटाड्याला मनमोकळे प्रश्न विचारावे, आणि आपल्याबरोबर आणलेला कागदाचा कपटाही परत न्यावा. दोन हजार वर्षांत या वाटेने असंख्य माणसे गेली. त्यांची पावले उमटली आणि पुसलीही गेली; पण दगडावरील ती अक्षरे पुढच्या माणसांसाठी राहिली. ती तशीच राखून पुढे सोपवणे, एवढेच काम आजच्या पदयात्रीकडे आले आहे.